ओटीत उभं राहायच्या आधी: शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि न सापडणारा मॉप

आधीच सांगते, हे प्रकरण कुठल्या एका कॉलेजचं किंवा एका मुलीचं जसंच्या तसं नाहीये. क्लिनिकल टीचिंग करणाऱ्यांना वेगवेगळ्या ठिकाणी जे बघायला मिळतं ते एकाच केसमध्ये गुंफलंय, त्यामुळे ही कोण ते शोधत बसू नका, म्हणूनच तिला नावही दिलेलं नाही. प्रश्न मात्र अगदी खरा आहे. नर्सिंगच्या मुलांना नोकरीला लागायच्या आधीच एखाद्या स्पेशालिटीचं ट्रेनिंग द्यावं का, आणि द्यायचं ठरलं तर त्यात नेमकं शिकवायचं काय?

नर्सिंगच्या बेसिक कोर्समध्ये ओटी (ऑपरेशन थिएटर) पोस्टिंग असतं, पण ते कसं असतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. भिंतीला टेकून उभं राहायचं, हात बांधून, ट्रॉलीपासून लांब, कोणी ओरडलं नाही म्हणजे दिवस चांगला गेला. मग लॉगबुकवर सही. आणि हीच मुलगी सहा-आठ महिन्यांनी स्टाफ नर्स म्हणून ओटीत जॉईन झाली की तिच्याकडून स्क्रबची, म्हणजे निर्जंतुक गाऊन घालून सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देण्याची, अपेक्षा सुरू होते. कॉलेजमध्ये शिकलेलं आणि ड्युटीवर दिसणारं यात जे अंतर असतं त्याच्या धक्क्याला नर्सिंगच्या अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच रिअ‍ॅलिटी शॉक म्हटलं होतं, म्हणजे हे दुखणं काही आजचं नाही. ओटीत ते जास्त लागतं, कारण वॉर्डमध्ये निदान आधीच्या पोस्टिंगची सवय कामी येते, ओटीत भाषाच वेगळी, कपडे वेगळे, आणि पेशंट बोलत नाही.

तर या कॉलेजने शेवटच्या सेमिस्टरमध्ये दहा आठवड्यांचं ऐच्छिक ओटी मॉड्यूल सुरू केलं. चार विद्यार्थी, प्रत्येकाला एक ठरलेली प्रिसेप्टर (सोबत राहून शिकवणारी अनुभवी नर्स), पहिले दोन आठवडे स्किल लॅब आणि मग आठ आठवडे प्रत्यक्ष ओटी. अट एकच आणि ती लेखी होती, विद्यार्थी स्टाफच्या संख्येत धरायचे नाहीत. ही अट कागदावर सगळीकडेच असते, इथे ती चारपैकी तीन जणांच्या बाबतीत पाळली गेली. चौथ्याची प्रिसेप्टर रजेवर गेली आणि तो मुलगा दोन आठवडे ब्लड बँकेच्या चकरा मारत आणि ट्रॉल्या ढकलत राहिला. त्याच्या फीडबॅकमध्ये एक ओळ होती, ओटीचे सगळे दरवाजे पाठ झाले.

मॉड्यूल सुरू व्हायच्या आधी फॅकल्टीत बराच वाद झाला होता. सर्वात सीनियर मॅडमचं म्हणणं असं की "आधी नर्स तर होऊ दे, मग ओटी नर्स, जिने अजून एकटीने वॉर्डची एक रात्र काढली नाही तिला आत्ताच स्पेशालिटीचा शिक्का कशाला?" हा मुद्दा हलका नाही. आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनरच पुढे केल्या. बेनर यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या पाच पायऱ्या, नवशिकी ते तज्ज्ञ, त्यात एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षं काढल्यावर नर्स सक्षम या पायरीला येते, आणि अनुभवी नर्ससुद्धा पूर्ण नव्या विभागात गेली की परत नवशिकी होते. विरोध करणारे म्हणाले, बघा, मग दहा आठवड्यांनी काय होणार. बाजूने असलेले म्हणाले, बघा, म्हणूनच लवकर सुरू करायला हवं. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते, फक्त दहा आठवड्यांचं उद्दिष्ट काय ते कोणीच नीट लिहून काढलेलं नव्हतं. या काळात ओटी नर्स तयार होत नाही. या काळात एवढंच होऊ शकतं की मुलीला कळावं धोका कुठे बसलेला असतो आणि तो दिसला की काय करायचं. हे उद्दिष्ट आधी लिहिलं असतं तर पुढचं सगळं प्रकरण वेगळं झालं असतं असं मला वाटतं.

कारण मॉड्यूलच्या लॉगबुकमध्ये सर्वात लांब यादी कशाची होती? इन्स्ट्रुमेंटच्या नावांची. आर्टरी फोर्सेप्सचे प्रकार, रिट्रॅक्टर, क्लॅम्प, नीडल होल्डर, पानंच्या पानं. नावं यायला हवीतच, नाहीतर सर्जन हात पुढे करणार आणि आपण ट्रॉलीकडे बघत बसणार. पण नावं ड्युटीवर महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतात, त्याला कॉलेजचा वेळ घालवायची गरज नाही.

लॅबमधला बाकीचा भाग मात्र खरंच चांगला होता, हे मोकळेपणाने मान्य करते. गाऊन घातला म्हणजे सगळी बाई स्टराईल (निर्जंतुक) झाली असं नसतं, समोरून छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंत आणि बाह्या कोपराच्या थोडं वरपर्यंत, बस, पाठ नाही, टेबलाच्या खाली लोंबणारं काही नाही, हे त्यांच्याकडून चालून-फिरून करून घेतलं. अल्कोहोल असलेल्या सोल्युशनने त्वचेचं पेंटिंग केलं तर निदान तीन मिनिटं सुकू द्यायचं आणि मगच ड्रेप (पेशंटवर पसरायचं स्टराईल कापड), कारण अल्कोहोलची वाफ, ऑक्सिजन आणि कॉटरीची (विजेने कापण्या-जाळण्याच्या उपकरणाची) ठिणगी एकत्र आली की आग लागते, आणि ती ड्रेपच्या आत लागली तर आधी दिसतही नाही. हात आर्म बोर्डवर ९० अंशांपेक्षा जास्त बाहेर न्यायचा नाही, नाहीतर ब्रेकियल प्लेक्ससवर, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर, ताण येतो आणि पेशंट हर्नियाच्या ऑपरेशननंतर हाताला मुंग्या घेऊन घरी जातो. फ्रोझन सेक्शनचा, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तपासायला पाठवायचा, नमुना फॉर्मलिनमध्ये टाकायचा नाही. सर्वात भारी होता मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा, म्हणजे भुलीच्या औषधांमुळे होणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेचा, ड्रिल. त्यावरचं औषध डँट्रोलीन, त्याचा पहिला डोस किलोला २.५ मिलीग्रॅम, जुन्या प्रकारच्या एका व्हायलमध्ये २० मिलीग्रॅम, आणि प्रत्येक व्हायल ६० मिली स्टराईल वॉटरमध्ये विरघळवायची. म्हणजे ६० किलोच्या पेशंटला १५० मिलीग्रॅम, आठ व्हायल फोडायच्या, आणि ते औषध पटकन विरघळत नाही, हलवत बसावं लागतं. हे वाचून समजत नाही, चौघांनी हातात रिकाम्या व्हायल घेऊन केल्यावर समजलं की मदतीला माणसं बोलावणं हेच पहिलं काम आहे.

आणि काउंट, म्हणजे वापरलेल्या वस्तूंची मोजणी. काउंट त्यांच्याकडून अक्षरशः घोटून घेतला होता. दोघांनी मिळून, मोठ्याने, दोघांचीही नजर त्याच वस्तूवर, प्रत्येक मॉप सुटा करून. सुरुवातीला, नवीन पॅक उघडला की, पोकळी बंद करायच्या आधी, स्किन शिवायच्या वेळी, आणि स्क्रब किंवा सर्क्युलेटिंग नर्स (गाऊन न घालता बाहेरून सामान देणारी) बदलली तर तेव्हाही. ज्यांना ओटीचा संबंध नाही त्यांच्यासाठी, मॉप म्हणजे पोटाच्या ऑपरेशनमध्ये वापरतात तो मोठा कापडी पॅड, त्यात एक्स-रेत दिसणारी पट्टी विणलेली असते, आणि रक्ताने भिजला की तो इतका लहान आणि आतड्यासारखाच होतो की पोटात समोर असला तरी दिसत नाही.

आता मूळ प्रसंगावर येते. सातवा आठवडा, संध्याकाळची वेळ, आतड्याला छिद्र पडलेला पेशंट, इमर्जन्सी लॅपरोटॉमी (पोट उघडून ऑपरेशन). प्रिसेप्टर स्क्रबला होती, विद्यार्थिनी सर्क्युलेटिंगच्या बाजूला शिकत होती. सगळी घाई. टाइम आउट, म्हणजे ऑपरेशन सुरू करायच्या आधी सगळ्यांनी थांबून करायची तपासणी, झाला पण अर्धाच, पेशंटचं नाव, ऑपरेशन, अँटिबायोटिक एवढं बोलून सुरू. मध्येच शिफ्ट बदलली आणि सर्क्युलेटिंग नर्स बदलला. हँडओव्हर झालं, पण बदलाच्या वेळचा काउंट "जरा हे ब्लीडिंग आवरू दे, नंतर करू" म्हणून राहिला. बोर्डवर वीस मॉप.

पोट बंद करायच्या आधी काउंट झाला. टेबलावरचे प्रिसेप्टरने मोजले, बकेटमधले सर्क्युलेटिंग नर्सने चिमट्याने उचलत मोजले. शेवटचा एक गुंडाळलेला गोळा उचलला गेला आणि तोंडातून दोन आकडे आले, "एकोणीस, वीस." सर्जननी विचारलं, "काउंट?" "बरोबर आहे सर." टाके सुरू झाले.

विद्यार्थिनीने तो गोळा बघितला होता. उघडलेला नव्हता. त्यात दोन मॉप असतीलही, एकही असेल. लॅबमध्ये तिने पन्नास वेळा तरी ऐकलं असेल की सुटा केल्याशिवाय मोजायचा नाही. आणि ती गप्प राहिली. साधारण दोन मिनिटं. मग प्रिसेप्टरच्या मागे, स्टराईल अंतर ठेवून गेली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, शेवटचा उघडून नाही बघितला." प्रिसेप्टरने क्षणाचाही वेळ न घालवता मोठ्याने सांगितलं, "सर, थांबा, रिकाउंट करतोय." कोण म्हणालं, का म्हणालं, काही नाही.

रिकाउंट, एकोणीस. गोळ्यात एकच होता.

सर्जननी टाके सोडून परत पोटात हात घालून सगळे कोपरे बघितले, नाही. बकेट, कचऱ्याच्या पिशव्या, लिनन, नाही. एक्स-रेवाल्याला फोन लावत होते तेवढ्यात तो मॉप सापडला, डोक्याच्या बाजूला अ‍ॅनेस्थेशिया मशीनच्या चाकामागे, ड्रेपवरून घसरून जमिनीवर पडलेला. दहा-बारा मिनिटं गेली. पेशंटचं बीपी आधीच लटपटत होतं, अ‍ॅनेस्थेटिस्ट वैतागलेले, सर्जन काही बोलले नाहीत पण ग्लोव्हज काढतानाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मॉप पोटात सापडला असता तर गोष्ट सांगायला जास्त छान झाली असती, विद्यार्थिनीने जीव वाचवला वगैरे. तसं झालं नाही आणि शिकवायच्या दृष्टीने मला हीच आवृत्ती जास्त उपयोगाची वाटते. कारण दुसऱ्या दिवशी ओटीत कुजबुज अशी होती की "मुलीमुळे उगाच पेशंट दहा मिनिटं जास्त टेबलावर राहिला." तिच्याही कानावर ते गेलं. म्हणजे बरोबर वागूनही ती चुकल्यासारखी झाली, आणि पुढच्या वेळी ती बोलेल का याचा निकाल त्या कुजबुजीवर लागणार होता.

इथे आकडे मदतीला येतात. सर्जन अतुल गवांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ऑपरेशननंतर शरीरात वस्तू राहिलेल्या ५४ पेशंटच्या केसेस तपासल्या, त्यात इमर्जन्सी ऑपरेशनमध्ये धोका जवळजवळ नऊपट निघाला, ऑपरेशनचा बेत ऐनवेळी बदलला तर चौपट. पण त्यातली हादरवणारी गोष्ट वेगळीच आहे, ज्या केसेसमध्ये काउंट केल्याची नोंद होती त्यातल्या ८८ टक्क्यांमध्ये शेवटचा काउंट बरोबर असंच लिहिलेलं होतं. म्हणजे वस्तू आत, आणि कागदावर काउंट बरोबर. "बरोबर आहे सर" या तीन शब्दांवर आपण किती विसंबतो बघा. त्या संध्याकाळी इमर्जन्सी होती, नर्स बदलला होता, मधला काउंट राहिला होता, गोळा उघडला नव्हता. अशा वेळी दहा मिनिटं शोधणं हे ओटीचं ठरलेलं कामच आहे, त्याचा हिशेब मुलीच्या नावावर टाकायचा नसतो. हे डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे घडलेल्यावर नंतर बसून केलेल्या चर्चेत, ओटी इन-चार्जनी सर्जनसमोर बोलून दाखवलं, आणि सर्जननीही "पुन्हा असं वाटलं तर थेट मला सांग" म्हटलं. उशिरा का होईना, म्हटलं.

आता ती दोन मिनिटं. मला या केसमध्ये सर्वात महत्त्वाची तीच वाटतात. तिला नियम येत होता. बोलायचं कसं तेही येत होतं, लॅबमध्ये टीमस्टेप्सच्या (टीममध्ये एकमेकांशी बोलायचं कसं याच्या ट्रेनिंगच्या) पद्धतीने चढत्या पायऱ्यांनी बोलायला शिकवलं होतं, आधी मला काळजी वाटतेय, मग मला हे पटत नाहीये, आणि तरी ऐकलं नाही तर हा सेफ्टीचा प्रश्न आहे, थांबा. पण ते तिने बोललं होतं कोणासमोर? ट्यूटर मॅडम सर्जनचा गाऊन घालून उभ्या होत्या त्यांच्यासमोर, आजूबाजूला तीन मैत्रिणी-मित्र हसत होते. कोरड्या जमिनीवर पोहण्याचे हातवारे शिकवल्यासारखं झालं ते. खऱ्या ओटीत तिला वाटलं की आपण विद्यार्थी, आपण काउंटच्या दोन जणांत नाही, सीनियर भैयांनी मोजलंय, आपण चुकलो तर? हे तिने डीब्रीफिंगमध्ये सांगितलं, आणि अजून एक गोष्ट सांगितली जी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती: "तिथे माझं नाव कोणालाच माहीत नव्हतं."

हे अगदी बारीक वाटतं पण बारीक नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट २००८ मध्ये आली, १९ मुद्दे, तीन टप्प्यांत, साइन इन, टाइम आउट, साइन आउट. टाइम आउटच्या पहिल्याच मुद्द्यात टीममधल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम सांगायचं असतं. पुष्कळ ओटींमध्ये हा मुद्दा हसण्यावारी जातो, "आम्ही रोजचेच आहोत की." पण ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडून नाव सांगितलंय त्याला नंतर बोलणं सोपं जातं, चेकलिस्टमध्ये तो मुद्दा आहेच त्यासाठी. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलमध्ये चेकलिस्ट लावून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. आता हे कशामुळे, कुठल्या मुद्द्यामुळे, ते वेगळं काढता येत नाही, पण त्या संध्याकाळी नेमका तोच मुद्दा गाळला गेला होता हे खरं.

मग बदल काय केले? पहिला आणि मला सर्वात पटलेला, सिम्युलेशनमध्ये (खऱ्यासारखा प्रसंग उभा करून केलेल्या सरावात) सर्जरीचे आणि अ‍ॅनेस्थेशियाचे रेसिडेंट बोलवायला सुरुवात केली, म्हणजे विद्यार्थ्याला खऱ्या डॉक्टरसमोर थांबा म्हणावं लागतं आणि डॉक्टरलाही ते ऐकायची सवय लागते. त्यात मुद्दाम गडबड पेरतात, एखाद्या पॅकमध्ये एक मॉप कमी, एखादा गोळा न उघडता मोजलेला, कधी बोर्डवर चुकीचा आकडा. रेसिडेंट सुरुवातीला कुरकुरले, वेळ नाही म्हणाले, तेही खोटं नाही, शेवटी दोन आठवड्यांतून एकदा एवढ्यावर जमलं. दुसरं, टाइम आउटला विद्यार्थ्याने नाव सांगायचंच. तिसरं, कुठलीही शंका आली की प्रिसेप्टरच्या कानात नाही, मोठ्याने, आणि प्रिसेप्टरने ती शंका खरी धरूनच चालायचं.

कोणीतरी असंही सुचवलं की मग सगळंच लॅबमध्ये करा, ओटीत पाठवायचं कशाला. याला आधार म्हणून अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या एनसीएसबीएन या संस्थेच्या २०१४च्या अभ्यासाचं नाव घेतलं जातं, ज्यात क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरले तरी निकालात फरक पडला नाही असं दिसलं. पण तो अभ्यास पूर्ण नर्सिंग कोर्सबद्दल होता, शिकवणारे खास तयार केलेले होते, डीब्रीफिंग ठरलेल्या पद्धतीने होत होतं. एक मॅनिकिन (सरावाचा पुतळा) विकत आणून कपाटात ठेवलं म्हणजे तो निकाल आपल्याला लागू झाला असं होत नाही.

विद्यार्थिनीचं पुढे काय झालं? पास झाली, नोकरी लागली आणि रोस्टरच्या गरजेप्रमाणे तिला टाकलं सर्जिकल वॉर्डमध्ये. ओटी नाही. दहा आठवडे फुकट गेले असं तिला सुरुवातीला वाटलं, आणि विरोध करणाऱ्या मॅडमनी "मी म्हटलं नव्हतं" असं म्हटलंही. पण ती ऑपरेशनहून आलेला पेशंट घेताना जे प्रश्न विचारायची ते बाकीच्या नवीन मुलींना सुचत नव्हते. पोझिशन कुठली होती, किती तास, कॉटरीचा पॅड कुठे लावला होता, ड्रेन किती. लिथॉटॉमीत (पाय उचलून स्टिरपमध्ये ठेवतात ती पोझिशन) बराच वेळ राहिलेल्या एका पेशंटचा पाय सुन्न आहे हे तिने पहिल्याच तासात पकडलं, कारण पाय स्टिरपमध्ये असताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मज्जातंतू कसा दाबला जातो ते तिने बघितलेलं होतं. हा फायदा मॉड्यूलच्या उद्दिष्टात कुठेच लिहिलेला नव्हता.

पाच महिन्यांनी तिची बदली ओटीत झाली. तिथे एक नवा वाद, हिने आधी ट्रेनिंग केलंय तर ओरिएंटेशन कमी करूया का? नव्या ओटी नर्सला साधारण सहा महिने ते वर्षभर सोबत देऊन तयार करतात, आणि माणसं कमी असली की ते कापायचा मोह प्रत्येक ठिकाणी होतो. इन-चार्जनी कमी केलं नाही. माझ्या मते बरोबर केलं. स्क्रबिंगमधली हाताची सफाई पाच महिन्यांत बरीच गेलेली होती, ग्लोव्हज घालताना पहिल्या आठवड्यात दोनदा कंटॅमिनेट झाली आणि दोन्ही वेळा स्वतःच "बदलते" म्हणाली. उरलेल्या तिघांपैकी ट्रॉल्या ढकलणारा मुलगा कम्युनिटी नर्सिंगकडे वळला, एक मुलगी ओटीतच लागली, आणि एकीला चौथ्या आठवड्यातच कळलं की झोपलेल्या पेशंटबरोबर काम करणं आपल्याला जमणार नाही, तिला बोलणारा पेशंट हवा. हे नोकरीला लागून बाँडमध्ये अडकल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पुढच्या बॅचसाठी कॉलेजला आठ जागा करायच्या होत्या, अर्ज भरपूर आले होते. ओटीने सांगितलं, प्रिसेप्टर चारच आहेत, चारच घेऊ, आणि कोणी रजेवर गेली तर बदली प्रिसेप्टर आधीच लिहून द्या. लॉगबुकमधली इन्स्ट्रुमेंटची यादी निम्म्यावर आणली, त्या जागी एक नवा रकाना आला: आज काय थांबवलं किंवा काय विचारलं, आणि समोरच्याने काय उत्तर दिलं. त्यावर सही त्याच दिवशी घ्यायची, महिन्याच्या शेवटी गठ्ठ्याने नाही. पहिल्या महिन्यात तो रकाना बहुतेक रिकामाच राहिला, म्हणून आता प्रिसेप्टर लोकांची स्वतंत्र मीटिंग ठेवलीये.